पेट्रोलची गाळणी

चहालासुद्धा गाळणी लागते, मग तुमच्या बोटीच्या मोटरीला का नको, असं बायको दोन वर्षं म्हणत होती. तो दर वेळी पुढच्या महिन्यावर ढकलायचा. मग चार महिन्यांपूर्वी तिच्या छातीत दुखायला लागलं. तो तिला बोटीत घालून पलीकडच्या दवाखान्यात निघाला आणि खाडीच्या मधोमध मोटर बंद पडली. पेट्रोलात पाणी गेलं होतं. पाऊण तास तो मोटर चालू करायची दोरी ओढत राहिला. दुसरी बोट येईपर्यंत बायको गेली होती.

आता मुलीचे दिवस भरले होते. डॉक्टरने उद्या सकाळी यायला सांगितलं होतं. पाण्यातून वीस मिनिटं, रस्त्याने खड्ड्याखड्ड्यांतून तीन तास. तरी मुलगी म्हणाली होती की ज्या बोटीत आई गेली तीत ती पाय ठेवणार नाही. जावई गाडी घेऊन यायला तयारच होता. "मामा, माझी गाडी तुमच्या बोटीपेक्षा म्हातारी आहे," तो फोनवर म्हणाला होता, "पण बंद पडली तर निदान उतरून ढकलता येते."

शेवटी मुलीने एक अट घातली. त्याने आज गाळणी बसवायची आणि तिच्या डोळ्यांदेखत पलीकडे जाऊन परत यायचं. बोट मध्ये कुठेही थांबली नाही तर ती उद्या बसेल. थांबली, तर पुन्हा विषय काढायचा नाही.

म्हणून दुपारी जेवण उरकून तो बोटीत उतरला. टाकी त्याने कालच धुऊन, उन्हात वाळवून घेतली होती. पेट्रोल नवीन, फडक्यातून गाळून भरलेलं. मागच्या फळीला आतून दोन भोकं पाडून त्याने पट्टी बसवली आणि पट्टीवर गाळणी आवळली. गाळणी म्हणजे मुठीएवढा डबा, खाली काचेसारखी आरपार दिसणारी वाटी. पेट्रोलातलं पाणी जड असतं, ते वाटीत साचतं, आणि वाटीच्या तळाचा स्क्रू सोडला की निघून जातं. डब्याच्या डोक्यावर पाइपांसाठी दोन तोंडं होती. दुकानदाराने पेनाने एकावर 'आ' आणि दुसऱ्यावर 'बा' लिहून दिलं होतं. आ म्हणजे आत, बा म्हणजे बाहेर. उलटं बसवू नका, तो बजावून म्हणाला होता, मोटर चालू होईल पण गाळणी काही गाळणार नाही, पाणी थेट मोटरीत जाईल.

त्याने मोटरीचा पाइप आ वर चढवला, टाकीचा बा वर. क्लिपा पिळून घट्ट केल्या. कापडाने सगळं पुसलं.

टाकीच्या पाइपात मध्ये रबरी फुगा असतो. तो दाबत राहिलं की पेट्रोल पुढे सरकतं, आणि मोटरीपर्यंत पोचलं की फुगा दगडासारखा घट्ट होतो. हे काम बायकोचं होतं. तो मोटरीपाशी वाकलेला असायचा, ती मधल्या फळीवर बसून फुगा दाबायची. तो विचारायचा, झाला का? घट्ट होईपर्यंत ती कधी हो म्हणायची नाही.

आज त्याने स्वतःच दाबला. सात-आठ दाबांत फुगा घट्ट झाला. तो दोरीला हात घालायला वळला, आणि कशाला कोण जाणे, पुन्हा एकदा फुगा चाचपला. मऊ होता.

कुठेतरी गळत असणार. त्याने सगळ्या जोडांवरून बोट फिरवलं. कोरडं. वाससुद्धा नाही. पुन्हा दाबला, घट्ट झाला. या वेळी तो फुग्याकडे बघतच बसला. बघत होता तोवर फुगा तसाच राहिला. पाठ फिरवली आणि वळून पाहिलं, तर फुग्याला मधोमध खळगा पडलेला, कुणीतरी अंगठ्याने दाबून धरावा तसा. मग तो खळगा सावकाश भरून आला.

त्याने तिसऱ्यांदा फुगा दाबला आणि मोटरीकडे तोंड केलं. इतक्या वर्षांची सवय, तोंडातून आपसूक निघालं.

"झाला का?"

"नाही."

आवाज मागून आला, अगदी जवळून. कुजबूज नाही, की हाक नाही. स्वयंपाक झाला का विचारल्यावर यावा तसा. त्याला वाटलं मुलगी उतरली बोटीत. वळून पाहिलं तर मुलगी धक्क्याच्या पार त्या टोकाला खुर्चीवर बसलेली, कानाला फोन, कमरेमागे उशी. बोटीत कुणी नव्हतं.

त्याने पुन्हा एकेक जोड तपासायला घेतला. मग त्याची नजर त्या दोन अक्षरांवर गेली.

त्याच्या घरात आणि धक्क्यावरच्या सगळ्याच बोटवाल्यांत आत म्हणजे पाण्याकडे आणि बाहेर म्हणजे जमिनीकडे. बोट आत घातली, बोट बाहेर काढली, असंच बोलायचे. लग्न होऊन आली तेव्हा बायको हसून हसून बेजार झाली होती. जगाचं बाहेर ते तुमचं आत कसं हो, असं ती पुढे तीस वर्षं चिडवत राहिली. मोटर पाण्याकडे असते, म्हणून त्याने तिचा पाइप डोळे झाकून आ वर लावला होता. दुकानदाराचं आत म्हणजे पेट्रोल गाळणीत शिरतं ते तोंड. तिथे टाकीचा पाइप हवा होता.

क्लिपा सोडवायला वेळ लागला. पाइपांची अदलाबदल केली, फुगा दाबला. घट्ट झाला आणि घट्टच राहिला. त्याने पाठ फिरवली, थांबला, परत हलक्या आवाजात विचारलं. यावर काहीच उत्तर आलं नाही. त्याने आणखी एकदा विचारून पाहिलं, मग दोरी ओढली.

मोटर दुसऱ्या झटक्याला सुरू झाली. वारा अजिबात नव्हता, खाडी ताटासारखी सपाट. मधल्या जागेवरून जाताना त्याने समोरच्या काठावरून नजर काढली नाही. मोटरीचा आवाज शेवटपर्यंत एकसारखा होता. पलीकडच्या पायऱ्यांना वळसा घालून तो परत आला आणि धक्क्याला लागून मोटर बंद केली.

मुलगी खुर्चीवरून उठून कडेला येऊन उभी होती. चेहरा उतरला होता.

"बाबा, मध्ये मोटर का बंद केलीत?"

"मी कुठे बंद केली?"

"आवाज थांबला होता. जाताना निम्म्यावर थांबला तो पार तिकडे पोचेपर्यंत नव्हता. मी फोन ठेवून ऐकत होते. बोट मात्र चालत होती. तेवढ्याच वेगाने."

त्याने गाळणीकडे पाहिलं. वाटी काठोकाठ भरली होती, आणि आत पेट्रोलचा थेंब नव्हता, सगळं स्वच्छ पाणी. एवढं पाणी असताना मोटर चालत नाही. त्याला खोटं बोलता आलं असतं. मुलीला बोटीत बसवायचं हेच तर तो चार महिने धरून बसला होता. पण त्याने तिला जवळ बोलावून वाटी दाखवली आणि सांगितलं की अशा मोटरीच्या भरवशावर कुणाला बोटीत बस म्हणायची आपली छाती नाही. जावयाला कळव, गाडी घेऊन येऊ दे.

त्याने खाली रिकामा डबा धरला आणि स्क्रू सोडला. वाटीत कपभर पाणी मावलं असतं. डबा अर्धा झाला, पाऊण झाला, भरून वाहू लागला तरी धार चालूच होती. पाणी त्याच्या मनगटावरून ओघळलं. ते कोमट होतं. मग एकाएकी धार पिवळी झाली, पेट्रोलचा वास आला, आणि त्याने स्क्रू आवळला.

मुलगी एका हाताने पोट सावरून, दुसऱ्या हाताने खांब धरून डब्याकडे बघत होती.

"अट काय होती बाबा? बोट थांबायची नाही, एवढीच ना?"

"अगं, पण..."

"नाही थांबली." तिने फोन काढून नवऱ्याला लावला आणि गाडी आणू नकोस म्हणून सांगितलं. तो पलीकडून काहीतरी बोलत होता, तिने अर्ध्यातच बंद केला. "सकाळी सहाला निघू. पुढे मी बसते, तुम्ही मागे. मधल्या फळीवर सामान ठेवू नका."