जुळलेलं हाड

बेवारस सांगाड्यांची ओळख पटवणाऱ्या डॉक्टरबाईंनी डाव्या कोपराखालचं हाड उचलून खिडकीच्या उजेडात धरलं आणि मनगटाच्या जरा वर, जिथे ते किंचित जाड होतं, तिथून अंगठा फिरवला. वाढत्या वयात मोडलेलं, उपचाराविना थोडं वाकडं जुळलेलं. शेजारचं हाड शाबूत, म्हणून बाहेरून फारसं दिसलंही नसावं. बाकी सांगाडा विशीतल्या, बेताच्या उंचीच्या पुरुषाचा. पण तशी पोरं काय थोडी हरवतात? कवटी सापडलीच नव्हती, डीएनएच्या तपासणीनेही दोनदा हात टेकले होते. आता सगळी भिस्त या हाडावर.

बाहेरच्या खोलीत म्हातारा-म्हातारी बसली होती. मुलगा बेपत्ता होऊन नऊ वर्षं झाली होती. बाई कागद-पेन घेऊन त्यांच्यासमोर येऊन बसल्या.

हाड काय सांगतं ते घरच्यांना आधी सांगायचं नाही, नुसतं विचारायचं, हा बाईंचा नियम. वाट बघून थकलेला माणूस कशालाही हो म्हणतो.

"मावशी, मुलाचं लहानपणी कधी काही मोडलं होतं? हात, पाय?"

"छे हो! नुसतं खरचटलं तरी घर डोक्यावर घ्यायचा. मोडलं असतं तर आईला कळलं नसतं होय?"

बाईंनी कागदावर 'नाही' लिहिलं. म्हातारीच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"म्हणजे हा आमचा नाही ना? अहो, मी सांगत नव्हते? असेल मेला कुठेतरी रुसून बसलेला!"

ती हसत उठली, पिशवी उचलली. खोटं कशाला, बाईंनाही बरंच वाटलं.

म्हातारा उठला नाही.

"मोडला होता," तो म्हणाला. "डावा. इथे, मनगटाच्या वर."

डाव्याचं नाव कुणीच काढलं नव्हतं. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"अहो, काहीतरीच काय!"

"तू बहिणीच्या बाळंतपणाला गेली होतीस. त्यानं शाळा बुडवली म्हणून मी काठी उगारली. त्यानं हात मध्ये घातला." म्हातारा जमिनीकडे बघत बोलत होता. "दवाखान्यात नेलं असतं तर विचारलं असतं, कसं झालं म्हणून. नाही नेलं. आईला सांगशील तर बघ, असा दम भरला. पोरानं शब्द पाळला."

म्हातारी पिशवीसकट खाली बसली. आता ही नवऱ्यावर तुटून पडणार, असं बाईंना वाटलं. पण ती बाईंकडेच वळली.

"असं हाड जुळायला किती दिवस लागतात?"

"दीड-दोन महिने."

"मी पंधरा दिवसांत परत आले होते," म्हातारी म्हणाली. "रोज त्याला पाण्याची बादली उचलायला लावायचे. उचलली नाही की कामचुकार म्हणायचे."