हात वर करण्याआधीचं गाऱ्हाणं

राजारामचं डोकं हॉलच्या दारातच फिरलं. मुलुंडच्या शाळेच्या हॉलमध्ये गावाच्या मुंबईकर मंडळाची वार्षिक पूजा होती आणि दारावर खाण कंपनीचा फलक झळकत होता: 'निसर्गाशी नातं, गावाशी बांधिलकी'. वर हिरव्यागार डोंगराचा फोटो. तो डोंगर त्याने चटकन ओळखला. गावामागचाच होता, खाण सुरू होण्याआधीचा. लाज म्हणून काही असते की नाही! ज्याचा गळा कापला, त्याचाच फोटो मिरवायचा.

गावात त्याची बहीण कुंदा राहते. गेल्या पावसाळ्यात खाणीवर रचलेला मातीचा ढीग ओढ्यातून खाली आला आणि तिचं भातशेत गाडून गेला. तेव्हापासून विहिरीचं पाणी लाल. ती कंपनीच्या दारात गेली, तर उत्तर मिळालं: अतिवृष्टी झाली, निसर्गाचा कोप, आमचा काय दोष? जणू तो ढीग निसर्गानेच उपसून ठेवला होता!

आता कंपनीला खाण वाढवायची होती. पुढची जमीन सामाईक, आणि सातबाऱ्यावरची अर्धी नावं मुलुंड-घाटकोपरात राहणाऱ्यांची. म्हणून पूजेनंतर हात वर करून संमतीचा ठराव व्हायचा होता. बदल्यात गावच्या देवळाला नवा कळस. कंपनीचे अधिकारी देवदत्त झब्बा घालून पहिल्या रांगेत बसले होते.

मंडळाचे अध्यक्ष भाऊ राजारामला बाजूला घेऊन म्हणाले, "गाऱ्हाण्यात कंपनीचं नाव घे हां. साहेबांना बरं वाटेल. आणि यार, आज वाकडं काही बोलू नकोस."

"आणि कुंदाच्या शेताचं काय?"

"अरे, ते बघू ना नंतर. कळस तर होऊ दे!"

गाऱ्हाणं घालण्याचा मान राजारामच्या घराण्याचा. त्याने देवाला साकडं घालायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, ही रीत. एकदा म्हटलं की देवाला शब्द दिला गेला. तो मोडायची छाती आजवर कुणाची झालेली नाही.

राजारामने नारळ ठेवला आणि हात जोडले.

"बा देवा रवळनाथा, तुझी लेकरा आज मुलुंडात जमली आसत, तेंका सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेंच्या पोराबाळांका नोकरीधंद्यात यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" देवदत्तांचा आवाज सगळ्यांत मोठा. कुणीतरी शिकवून आणलं होतं.

"जेना डोंगर फोडलो आणि चिखल आमच्या शेतात सोडलो, तेच्याच हातान तो उपसून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि जो कोण आज खाणीसाठी हात वर करतलो, तेच्या घरातला पाणी कुंदाच्या विहिरीसारखा लाल होवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सवयीने हॉल दुमदुमला. मग हळूहळू एकेकाचा चेहरा पडू लागला. आपण काय कबूल करून बसलो, ते आता डोक्यात शिरत होतं. देवदत्त मात्र हसतच होते; गावची बोली त्यांना कळलीच नव्हती.

भाऊंनी घाईघाईने ठराव मांडला. एकही हात वर गेला नाही. ते पुन्हा ओरडले, तरी नाही.

राजारामला आनंद व्हायला हवा होता. उलट तो आणखीच भडकला. वर्षभर तो ह्याच लोकांच्या दारोदार फिरला होता. शेताचे फोटो दाखवले, हातापाया पडला, कुणाला पाझर फुटला नव्हता. आणि आता स्वतःच्या नळावर गोष्ट येताच सगळ्यांचे हात मांडीखाली!

"गाऱ्हाणं मागे घे रे," भाऊ त्याचा दंड धरून म्हणाले. "वाट लावलीस तू सगळ्यांची."

राजारामने दंड सोडवून घेतला. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला, "घेतंय ना! आधी सगळ्यांनी गावाक चला. कुंदाच्या विहिरीचा एकेक तांब्यो पाणी पिया. मगे घेतंय."