माप चुकलेल्या सायकलीचा सूड

मी एक जुनी माउंटन बाइक आहे. रंग निळा होता. आता जिथे उरलाय तिथेच निळा म्हणायचा. मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की शेवटी सगळ्यांना क्षमा करून मोकळ्या होतात. माझ्याकडून ती आशा ठेवू नका. एका माणसावर माझा राग आहे. तो मी गंज लागू न देता जपून ठेवलाय.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. काळ्या काचेचा मुखवटा घातलेल्या कारागिराने माझ्या नळ्या एकमेकींना जोडल्या. त्याचा हात इतका सफाईदार होता, की सांधा कुठे आहे ते बोट फिरवूनही कळत नसे. त्या कारखान्यात आमच्या घराण्याचे सांगाडे लहान, मध्यम आणि मोठे अशा मापांचे होत. मी मोठ्या मापाची. माझ्या पोटाखाली, पायडल जिथे फिरतात तिथे, मापाचा आकडा ठोकून उमटवला होता. शिवाय सीटखालच्या नळीवर एक चकचकीत चिठ्ठी चिकटवली होती, ‘मोठे माप’ अशी. मला त्या चिठ्ठीचा अभिमान होता. उंच, लांब हातापायांचं कोणीतरी माझ्यावर बसेल आणि आम्ही दोघं डोंगर पालथे घालू, असं मी मनाशी धरून चालले होते.

मी ज्या दुकानात आले, त्याच्या मालकाला सगळे उस्ताद म्हणत. तरुणपणी त्याने डोंगरावरची शर्यत जिंकली होती. त्याचा तो फोटो गल्ल्यामागे टांगलेला होता. माणूस उंचापुरा, बोलायला गोड. गिऱ्हाईक दारात आलं की तो त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि त्या माणसाला वाटायचं, आपण योग्य ठिकाणी आलो. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं. तो रोज फडक्याने माझी धूळ पुसायचा आणि मला काचेजवळ उभी करायचा. पण उंच गिऱ्हाइकं आली नाहीत. माझ्या मध्यम मापाच्या बहिणी एकेक करून गेल्या आणि मी तिथेच राहिले. मग उस्तादाचं फडकं माझ्याकडे फिरकेनासं झालं. मला मागच्या खोलीत, रिकाम्या खोक्यांना टेकवून ठेवलं.

एका दुपारी एक मुलगी आली. मुलगी कसली, नोकरी करणारी बाई होती, पण चणीने लहान. ती गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात शिलाई मशीनवर बसायची. दिवसभर मान खाली घालून टाके मारायचे, आणि सुट्टीच्या दिवशी डोंगरावर जायचं, असं तिने ठरवलं होतं. पुढच्या वर्षीच्या शर्यतीत उतरायचं होतं तिला. तिने मध्यम किंवा लहान मापाची सायकल मागितली. दोन्ही संपल्या होत्या.

उस्ताद म्हणाला, जरा थांबा, तुमच्यासाठी एक ठेवलीये. मग तो मागच्या खोलीत आला. मित्रांनो, पुढचं मी आजही विसरलेले नाही. त्याने अंगठ्याच्या नखाने माझ्या नळीवरची चिठ्ठी खरवडायला सुरुवात केली. ती सहज निघेना. त्याने थुंकी लावली, पुन्हा खरवडली, तुकडे खिशात टाकले. मग माझी सीट पार तळाला नेली, जितकी पुढे सरकते तितकी पुढे ढकलली आणि हसतमुखाने मला बाहेर आणलं.

सीट वरखाली होते, पुढेमागे होते. पण सांगाडा म्हणजे हाड. ते काही आखूड होत नाही. शिवणवाली माझ्या दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभी राहिली, तेव्हा तिला चवड्यांवर उभं राहावं लागलं. हँडल धरताना तिचे हात काठीसारखे ताठ झाले.

ती म्हणाली, “जरा लांब वाटतेय हो.”

“नवी आहे ना, ताई. चार दिवस चालवा, अंगाला बसेल. मी कशाला चुकीची देईन?” उस्ताद म्हणाला.

त्याने शर्यत जिंकली होती आणि ती अजून डोंगर चढलीही नव्हती. तिने विश्वास ठेवला.

आमचे सुरुवातीचे दिवस वाईट नव्हते. ती पहाटे मला घेऊन निघायची आणि पायथ्याच्या मातीच्या वाटेवर सराव करायची. दमली की माझ्या हँडलवर थोपटायची. “चल गं,” म्हणायची. कोणी प्रेमाने चल म्हटलं की मला राहवत नाही. पण माझं अंग तिला पुरत नव्हतं, नव्हे, तिला ते पुरून उरत होतं. हँडल लांब पडायचं म्हणून तिच्या शरीराचा सगळा भार तळहातांवर यायचा. वाटेवरचा प्रत्येक खड्डा माझ्या चाकातून थेट तिच्या मनगटात जायचा. सीट खाली असल्यामुळे गुडघे पुरते सरळ होत नसत. चढ संपला की ती गुडघे धरून दगडावर बसून राही.

मग तिच्या उजव्या हाताच्या करंगळीला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येऊ लागल्या. त्यानंतर बधिरपणा. मशीनखालून कापड सरकवताना ते हातातून निसटायचं. टाके वाकडे पडायला लागले. कारखान्यातल्या मुकादम बाईंनी एक-दोनदा चालवून घेतलं, मग उसवायला परत द्यायला लागल्या.

ती मला घेऊन उस्तादाकडे गेली. त्याने मला उचलून चाकं फिरवली, ब्रेक दाबून पाहिले. सायकलीत दोष नाही, म्हणाला, तुमच्या कमरेत जोर नाही, व्यायाम करा. ती खाली मान घालून ऐकत होती. माझ्या नळीवर चिठ्ठीचा चिकट डाग तसाच होता आणि त्याचा अंगठा त्या डागापासून वीतभर अंतरावर होता. मला वाचा असती तर तेव्हाच त्याचं नाक कापलं असतं. तिने मात्र व्यायाम सुरू केला.

शर्यत महिन्यावर आली असताना आम्ही उतारावरून येत होतो. वाटेत पावसाने खचलेला एक भाग होता. तिने ब्रेक दाबला आणि पाय टेकायला गेली. पायाला जमीन लागेना. दांडीवरून खाली पोचण्याइतका लांब तिचा पायच नव्हता. ती कलली आणि मी तिच्या अंगावर पडले. तिच्या मनगटाचं हाड मोडलं, तो आवाज मी ऐकला.

हात प्लास्टरमध्ये गेला. शर्यत गेली. कारखान्यात तिच्या मशीनवर दुसरी बाई बसली. तिच्या आईने मला घराच्या मागच्या बोळात, पाण्याच्या पिंपाशेजारी लोटलं आणि म्हणाली, या अवदसेला माझ्या डोळ्यांसमोर आणू नका. मी बोल ऐकून घेतले. टायर बसले, चेन तांबडी झाली, तारांमध्ये कोळ्यांनी घरं केली. दोष कुणाचा आणि पिंपाशेजारी कोण, या एकाच विचारावर मी तो सारा काळ काढला. उस्ताद माझ्यावर बसावा आणि एखाद्या वळणावर माझा ब्रेक तुटावा, अशी स्वप्नं मी पाहत असे.

प्लास्टर निघालं, पण ती दोन बोटं पुरती जागी झाली नाहीत. ती घरीच थोडंफार शिवायला लागली. एकदा तिच्याकडे कपडे शिवायला पोहणं शिकवणाऱ्या बाई आल्या. या बाई इतक्या उंच, की आमच्या दारातून वाकून येत. तयार विजारी त्यांना घोट्याच्या वर राहायच्या, म्हणून त्या अंगाबरोबर शिवून घ्यायच्या. मापं देऊन झाल्यावर हात धुवायला त्या बोळात गेल्या आणि मला पाहिलं. त्यांनी विचारलं, बसून बघू का? शिवणवालीने खांदे उडवले.

बाईंनी कळ सैल करून माझी सीट वर ओढली आणि भिंतीला हात टेकून माझ्यावर बसल्या. टाच पायडलवर ठेवली, पाय अगदी सरळ झाला. चवडा ठेवला, गुडघा किंचित वाकला. हात हँडलवर आले ते कोपरात मऊ वाकून. पाठ कुठेही ताणली नाही. त्या खाली उतरून दांडीवर पाय टाकून उभ्या राहिल्या, तरी चार बोटं जागा मोकळी राहिली.

शिवणवाली दारात उभी होती. आता तिचे दिवस लोकांची मापं घेण्यात जायचे. दुसऱ्याच्या अंगरख्यात शिरलेलं माणूस तिला रस्त्याच्या पलीकडून ओळखू यायचं. ती पुढे आली, मला उलटं उभं केलं, पोटाखालचा चिखल नखाने काढला. तिथे मोठ्या मापाचा आकडा होता. मग तिने सीटखालच्या नळीवरचा चिकट डाग चोळून पाहिला; तिथली चिठ्ठी कुणीतरी मुद्दाम खरवडली होती.

आईने तिचा चेहरा पाहिला आणि समजावलं, झालं ते झालं, आता उगाच वैर कशाला धरतेस.

ती म्हणाली, “वैर त्याने आधीच धरलंय, आई. मला फक्त उशिरा कळलं.”

मित्रांनो, त्या वाक्यावर मी माझी सगळी गंजलेली चेन ओवाळून टाकली.

तिने मला धुतलं, तेल दिलं, नव्या ट्यूब घातल्या. सीट मात्र पुन्हा अगदी तळाला नेली. पुढच्या वर्षीच्या शर्यतीच्या सकाळी ती मला हाताने धरून उस्तादाच्या दुकानासमोरच्या मैदानावर गेली. शर्यत तोच भरवायचा. सगळा गाव तिथे लोटला होता. तिने एका कडेला स्टूल मांडलं, गळ्यात टेप अडकवला आणि येईल त्याला सांगायला लागली, या, पायाचं माप घेऊन देते, सायकल तुमच्या मापाची आहे का बघा.

आधी लोक गंमत म्हणून आले. ती त्यांना त्यांच्या सायकलीच्या दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं करायची, पायडलवर टाच ठेवायला लावायची. पोहणाऱ्या बाई सायकल धरून ठेवायच्या. एका बापाच्या लक्षात आलं, की मुलाचे गुडघे हँडलला का लागतात. एका म्हाताऱ्या गृहस्थांना कळलं, की त्यांची पाठ वयामुळे दुखत नव्हती. बऱ्याच सायकलींच्या नळ्यांवर चिठ्ठीच्या जागी चिकट डाग निघाला. हसणं थांबलं. माणसं आपापल्या सायकली घेऊन उस्ताद शर्यतीची नावं लिहून घेत होता त्या टेबलाभोवती जमू लागली.

उस्ताद गर्दीतून वाट काढत आला. चेहऱ्यावर तेच हसू होतं. “ताई, हे काय चाललंय? माप-बिप काही नसतं. बसणाऱ्यात दम असला की कोणतीही सायकल चढते.”

तिने टेप गळ्यातून काढून नीट गुंडाळला आणि मला त्याच्यापुढे उभं केलं. “मग हीच घ्या. वरच्या देवळापर्यंत जाऊन या. सीटला हात न लावता.”

नाही म्हणायची सोय नव्हती. तो बसला. सांगाडा त्याच्या मापाचाच होता. पण सीट इतकी खाली, की त्याचे गुडघे छातीपाशी आले. कुणीतरी फिसकन हसलं. तो निघाला. माझ्या मनात काय काय होतं म्हणून सांगू. ब्रेक तोडावा, चेन उतरवावी, दरीकडे वळावं. पण सायकलीला स्वतःचं हँडल वळवता येत नाही. मी फक्त जशी होते तशी राहिले. तेवढं पुरलं. पहिल्या चढाला तो धापा टाकायला लागला, दुसऱ्याला त्याचे पाय थरथरले. वळणाच्या आत, जिथे मैदानावरून दिसत नाही असं त्याला वाटलं, तिथे तो उतरला. गुडघा धरून उभा राहिला. खाली सगळे बघत होते.

तो मला हाताने धरून लंगडत परत आला. तिने त्याला एकच विचारलं, त्या दिवशी माहीत होतं का? 

“ती एकच उरली होती,” तो म्हणाला.

लोकांनी ते ऐकलं. त्या वर्षी शर्यत झालीच नाही. उस्तादाला कित्येकांच्या सायकली परत घेऊन बदलून द्याव्या लागल्या. मला तर त्याचं दुकान जळलेलं पाहायचं होतं, पण जे झालं तेही मी चवीने पाहिलं. पुढे त्याने तिला तिच्या मापाची नवी सायकल देऊ केली. तिने घेतली नाही. दुसरीकडून, स्वतः मापून आणली. मला पोहणाऱ्या बाई घेऊन गेल्या. त्या माझ्यावर पहिल्यांदा डोंगर चढल्या तेव्हा मला कळलं, की मला कशासाठी घडवलं होतं. मऊ कोपर, सैल खांदे, पायाचा पुरता झोका. वाट आपोआप मागे पडत होती.

कहाणी इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण उस्तादाने दुकानाच्या दारात भिंतीवर उंचीच्या खुणा काढल्या, एक टेप टांगला, आणि आता तो माप घेतल्याशिवाय कुणाला सायकल देत नाही. लांबलांबून लोक येतात. किती बारकाईने बघतो हो, म्हणतात. त्याचं नाव पूर्वीपेक्षा मोठं झालंय. पोहणाऱ्या बाईंनी हे शिवणवालीला सांगितलं तेव्हा मी अंगणात उभी होते. ती सुईत दोरा ओवत होती आणि तो तिला ओवता येत नव्हता.

“मिळवू दे नाव,” ती हसून म्हणाली. “मापं तरी बरोबर घेतोय ना.”

ती हसली. मी नाही हसले.

म्हणून मित्रांनो, एवढं ऐका. सायकल घ्यायला जाल तेव्हा तिचा रंग मागाहून बघा. आधी दांडीवर पाय टाकून उभे राहा. टाच पायडलवर ठेवा, कोपरं वाकतात का पाहा. अंगाला टोचलं तर समोरचा कितीही गोड बोलो, तिथून निघा. आणि घरी आणलेली सायकल दुखायला लागली, तर तिला बोळात लोटण्याआधी तिच्यावरचे डाग एकदा नीट बघा. ती बिचारी गप्प असते. पण ती सगळं पाहते, आणि अशांपैकी एखादी माझ्यासारखी असते.