भिंतीला भोक

मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला असलेल्या एका खाजगी हॉस्पिटलात मनिषा ऑपरेशन थिएटरची सिस्टर होती. भुलीच्या मशीनमधून सुटणारा वापरलेला गॅस बाहेर न्यायला तिथे नळी होती, पण ती भिंतीपर्यंत जाऊन तशीच लोंबकळायची. गॅस खोलीत पसरायचा आणि एसी तीच हवा फिरवत राहायचा. त्यात लहान पोराला तोंडावर मास्क धरून झोपवायचं असलं, की तो गोडसर वास तिच्या नाकात दिवसभर बसायचा.

पोटातलं पहिलं मूल तिसऱ्या महिन्यात गेलं, तेव्हा सासू काशी म्हणाली, "दगदग झाली गो तुला." दुसरं गेलं तेव्हा सासू काहीच बोलली नाही. ते मनिषाला जास्त लागलं.

पुढे एका ट्रेनिंगमध्ये तिने ऐकलं, की असा साठलेला गॅस गरोदर बाईला बाधू शकतो. आपली मुलं त्यानेच गेली असं छातीठोकपणे कुणी सांगितलं नसतं. नाही असंही कुणी सांगितलं नसतं. ती मोठ्या डॉक्टरांकडे गेली.

"सर, ती नळी बाहेर काढून घ्या ना. भिंतीला एक भोक पाडायचंय फक्त."

"सिस्टर, मी जन्मभर याच खोलीत उभा आहे. मला काय झालंय? आणि टाइल्स फुटतील त्या वेगळ्याच."

तिने पुन्हा पुन्हा सांगून पाहिलं. मग सांगणं सोडून दिलं.

यंदा डॉक्टरांची सून ज्ञानेश्वरी भूलतज्ज्ञ होऊन तिथेच कामाला लागली. मुलगी गुणी, मनिषाला ताई म्हणायची. गणपतीनंतर तिला दिवस गेले, आणि त्याच आठवड्यात ड्रिल मशीन घेऊन माणूस हजर झाला. टाइल्स फुटल्याच. डॉक्टर स्वतः त्याचं स्टूल धरून उभे राहिले.

"जोड नीट बसव हां. जरासुद्धा गळता कामा नये."

मनिषा खाली पडलेला चुरा झाडत होती. ज्ञानेश्वरी दारातून आत आली आणि बाहेर काढलेल्या नळीकडे बघत राहिली.

"ताई, इतकी वर्षं तुम्ही अशाच काम करत होतात? कुणाला सांगितलं का नाहीत?"

मनिषाने डॉक्टरांकडे पाहिलं. ते भिंतीकडे बघत होते.

"सांगितलं होतं," ती म्हणाली.

ड्रिलवाल्याने वायर गुंडाळायला घेतली.

"सिस्टर," डॉक्टर म्हणाले, "आटपा. पेशंट ताटकळलाय बाहेर."

तिने सुपली उचलली आणि पेशंटला आणायला गेली.