झडपेवरचा हात

पेन्सिलवाल्याला सगळं काढता यायचं, हात सोडून. कोसळणाऱ्या भिंती, धूर, पळणारी गर्दी तो हा हा म्हणता कागदावर उतरवी. मनगटापाशी आला की मात्र त्याची पेन्सिल अडखळे. तिथे तो बटाट्यासारखा एक गोळा काढी आणि शेजारी बारीक अक्षरात लिही, 'ताई बघतील'.

ताई म्हणजे शाईताई. पेन्सिलीच्या रेघांवर शाई चढवायचं काम गेली नऊ वर्षं तिच्याकडे होतं आणि त्या गोळ्यांना बोटं फुटत ती तिच्याच टेबलावर. बोटं ती मनाने काढत नसे. पानं घरी नेई, आईला समोर बसवी आणि सांगे, "मूठ वळ. आता बोट रोख. आता गळा धर."

"कुणाचा धरू ते तरी सांग," आई म्हणे. "म्हणजे जोर किती लावायचा ते कळेल."

त्यामुळे त्या चित्रकथेतले निम्मे चोर आणि झाडून सगळे पोलीस आईच्या हातांनी वागत होते. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या बेचक्यात आईला भाजल्याची एक जुनी, चकचकीत खूण होती. तेवढी शाईताई गाळत असे.

चित्रकथा होती बाष्पाची. अकरा वर्षांची मुलगी लॉन्ड्रीतल्या बॉयलरच्या स्फोटात सापडते, वाफ तिच्या अंगात भिनते आणि पुढे ती दाराच्या फटीतूनही आत शिरू शकते. ही जन्मकथा वाचकांना तोंडपाठ होती. तरी दर दहा-पंधरा वर्षांनी कचेरीत ती नव्याने सांगायची पद्धत होती. मुलगी, बॉयलर आणि स्फोट यांना हात लावायचा नाही. स्फोट का झाला, ते मात्र दर खेपेला नवीन. पहिल्या खेपेला धुरांड्यावर वीज पडली होती. दुसऱ्या खेपेला मालकाने भंगारातला बॉयलर बसवला होता. आता तिसरी खेप होती.

"या वेळी एक हात," संपादक म्हणाले. "नुसता हात. चेहरा सहाव्या भागापर्यंत दाखवायचा नाही."

"कुणाचा आहे?" पेन्सिलवाल्याने विचारलं.

"ते मलाही सहाव्या भागातच कळेल."

कथा सगळीच काल्पनिक नव्हती. एक्केचाळीस वर्षांपूर्वी याच शहरातल्या एका लॉन्ड्रीत खरोखरच बॉयलर फुटला होता. नऊ बायका गेल्या. त्यांतल्या एकीची मुलगी खेळताना रिकाम्या पिंपात लपली होती, ती तेवढी वाचली. तिच्यावरूनच बाष्पा जन्माला आली. मूळ करारात एक अट होती: जन्मकथा छापण्याआधी आतली पानं तिला दाखवायची. कचेरीत तिच्यामागे तिला 'मूळ बाई' म्हणत. मागच्या दोन्ही खेपांना ती आली होती, पानं उलटून चकार शब्द न काढता सही करून गेली होती.

शाईताईच्या हातात पडलेल्या सातव्या पानावर पटकथेची ओळ होती, 'कामगाराचा हात झडपेच्या दांड्यावर वजन अडकवतो.' दाब वाढला की ही झडप आपोआप उचलली जाते आणि जादा वाफ बाहेर पडते. दांड्याला वजन लटकवलं की ती उचलली जात नाही. वाफ आतच राहते आणि काम भराभर उरकतं. पेन्सिलवाल्याने एका गोळ्याखाली दुसरा गोळा काढून त्यात 'वजन' असं लिहून ठेवलं होतं.

त्या संध्याकाळी तिने आईला हाक मारली. "उंचावरच्या दांड्याला काहीतरी जड अडकवतेयस असं कर."

आईने या खेपेला थट्टा केली नाही. "कसला दांडा?"

"लोखंडी. लॉन्ड्रीतला."

आईने टेबलावरची थंड इस्त्री उचलली, दाराचा वरचा अडसर अर्धा बाहेर ओढला आणि इस्त्रीची मूठ त्याला अडकवली. घसरू नये म्हणून दोन बोटांनी ती किंचित मागे सारली. अंगठा तिने लांब धरला होता, चटका टाळावा तसा.

"हलू नकोस," शाईताई म्हणाली. पान उद्या द्यायचं होतं. "वजन म्हणून इस्त्रीच काढू?"

"काढ. हाताशी तीच असते."

हात झकास उतरला. कामगाराचा हात आहे, शोभेल, असं म्हणून शाईताईने या एकदाच बेचक्यातली खूण गाळली नाही. आईला पान दाखवायचं मात्र घाईत राहून गेलं.

मूळ बाई गुरुवारी दुपारी आली. पन्नाशी ओलांडलेली, करड्या स्वेटरमधली, बारीक चणीची. "दार उघडंच राहू द्या," असं सांगून ती दाराजवळच्या खुर्चीत बसली. पहिली सहा पानं तिने भराभर उलटली. सातव्यावर ती थांबली. थांबलीच.

"इस्त्री कुणी सांगितली?"

संपादकांनी पटकथा चाळली. "मी नुसतं वजन लिहिलंय. इस्त्री आमच्या ताईंची. छान सुचलं, नाही? मुखपृष्ठावर तेच चित्र घेतलंय. काल रात्रीच छापूनही झालं."

"पिंपाच्या झाकणाला छिद्र होतं," बाई म्हणाली. आवाज वर गेला नाही. "त्यातून मला एक हात दिसला होता. चेहरा नाही. हात आणि इस्त्री. तुमच्या पहिल्या चित्रकारांना मी ते सांगितलं होतं. ते म्हणाले, वीज दाखवू, वाचकांना वीज लगेच पटते."

पेन्सिलवाला हसण्याच्या बेतात होता. त्याने ते खोकल्यावर निभावलं.

"चौकशीवाल्यांनाही सांगितलं. ते म्हणाले, भेदरलेलं पोर काहीही बघतं. त्यानंतर मी कुणालाच सांगितलं नाही." तिने मान वळवली. "ताई तुम्हीच ना? कुणाचा हात बघून काढलात?"

शहरात तेव्हा सात-आठ लॉन्ड्र्या होत्या. आई लग्नानंतर त्यांतल्याच एकीत होती, उष्णता सोसेना म्हणून सोडली, एवढंच तिला ठाऊक होतं. दाराचा अडसर तिच्या डोळ्यांपुढे आला. लांब धरलेला अंगठा आला.

"माझाच," ती म्हणाली.

"दाखवा."

नखांत शाई गेलेला हात शाईताईने टेबलावर ठेवला. बाईने तो डॉक्टरसारखा उलटसुलट केला, अंगठा बाजूला ओढून बेचका पाहिला. तिथली कातडी कोरी होती. तिने हात होता तसा खाली ठेवला.

"तुमचा नाही," ती म्हणाली आणि सही केली. "छापा. काही बदलू नका."

दारात ती वळली. "आई आहेत तुमच्या?"

"आहे."

"बरं आहे."

ती गेल्यावर शाईताईने पांढऱ्या रंगाची बाटली उघडली, कुंचला बुडवला, आणि बाटली पुन्हा बंद केली. सातवं पान पुसता आलं असतं. मुखपृष्ठाचे गठ्ठे जिन्याखाली रचलेले होते.

ती घरी पोचली तेव्हा आई भाजी निवडत होती.

"सही केली तिने?" आईने विचारलं.

"गोष्ट कुणाची आहे, तुला माहीत होतं?"

"वीज पडली तेव्हापासून." आईने एक देठ मोडला. "मुकादम म्हणाला होता, अडकव, आज लवकर सुटू. मी अडकवली आणि पाणी प्यायला बाहेर गेले. तुमच्या पुस्तकात वीज पडली, तेव्हा मला कित्येक वर्षांनी झोप लागली होती. मग मालकावर आलं. तेही चाललं."

"मग परवा मला नाही का म्हणाली नाहीस?"

"एकदा कुणीतरी आहे तसं काढावं, असं वाटलं. कुणाला कळायचं नव्हतंच." आईने वर पाहिलं. "खूण तू नेहमी गाळतेस."

शाईताई नखांतली शाई खरवडू लागली. आईचे हात भाजीतच थांबले.

"गाळली नाहीस?"

"नाही."

"केवढी दिसते?"

"मुखपृष्ठ आहे, आई. पानभर हात आहे." आणि राहवेना म्हणून तिने तेही सांगितलं, "जाताना विचारत होती, आई आहे का म्हणून."

"तू काय म्हणालीस?"

"आहे म्हणाले."

आईने मान डोलावली. भाजीचं ताट बाजूला सारून ती उठली. दाराचा वरचा अडसर परवापासून तसाच अर्धा बाहेर होता. तो तिने आत ढकलला आणि कडी न लावता दार नुसतं लोटून घेतलं. मग खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवली, बसली, आणि उजवा हात मांडीवर ठेवला, खूण वर करून.