धातुनाथ महाराजांची सळई

सकाळी सातलाच बालाजी घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध धुनी, धुनीमागे धातुनाथ महाराज, आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात तांब्याची वीतभर सळई. सळई महाराजच देत. ती रात्रभर रोग्याच्या उशाखाली ठेवली की रोग तिच्यात उतरे. सकाळी महाराज ती धुनीत धरत. ती काळीठिक्कर पडली की गर्दी हळहळे. मग ते तिला भस्माच्या थाळीत घासत. भसकन पांढरा धूर निघे आणि सळई चांदीसारखी लखलखत बाहेर येई.

"काया ताँबा, रोग कालिख!" महाराज गरजत. "कालिख गई! अब इक्कीस दिन कोई दवा नहीं. दवा ली, तो कालिख वापस!"

रोग परत आलाच तर दोष कुणाचा, याचीही सोय त्यात होती.

कालिंदीबाई आल्या होत्या त्या नणंदेपायी. प्रमोदिनीची सळई नऊ दिवसांपूर्वी लखलखली, आणि तेव्हापासून तिने इन्सुलिन बंद केलं होतं. आज पहाटे साखर तीनशे ऐंशी निघाली.

"वहिनी, रोग जाताना जोर करतोच," ती कोरड्या ओठांनी म्हणाली होती. "महाराज म्हणाले तरच सुई घेईन."

वारा फिरला आणि धूर कालिंदीबाईंच्या नाकात गेला. त्या जागीच थांबल्या. हा वास त्यांना लहानपणापासून ठाऊक होता. घाटामागच्या गल्लीत कल्हईवाला भाता मांडून बसायचा आणि पोरं नाक दाबून भोवती उभी राहायची. पुढे तोच वास दुकानात आला. त्यांचे यजमान ढुंढिराज रेडिओ दुरुस्त करत. सोल्डरिंगच्या इस्त्रीचं, म्हणजे तारा जोडायच्या तापत्या हत्याराचं, तांब्याचं टोक काळं पडलं की त्यावर कथील धरत नसे. मग ते टोक तापवून कल्हईवाल्याच्याच नवसागराच्या खड्यावर घासत. ते गेल्यावर दुकान कालिंदीबाईंनी चालवलं. पस्तीस वर्षं त्या रोज सकाळी हा चमत्कार करत होत्या आणि त्यांना कुणी एक फूलही वाहिलं नव्हतं.

त्यांनी एक सळई मागून घेतली आणि त्या घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी त्या प्रमोदिनीला हाताला धरून घेऊन आल्या. खांद्याला जड पिशवी होती. त्यांनी सळई पुढे केली.

"किसकी है, माई?" महाराजांनी विचारलं.

"घर में है, महाराज. हफ्ते से कोने में पड़ा है. पीला पड़ गया है, फूल गया है, हिलता-डुलता नहीं."

"पीलिया! जिगर तक पहुँचा है!" महाराजांनी कावीळ ठरवून टाकली आणि सळई धुनीत धरली. ती काळी झाली. थाळीत घासली. धूर. लखलखाट. "जाओ माई, आज से दौड़ेगा!"

कालिंदीबाईंनी पिशवीतून एक लाल भोपळा काढून पायरीवर ठेवला.

"सळई रात्रभर याच्याखाली होती," त्या म्हणाल्या. मग सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत सांगितलं, आणि भोपळ्याकडे बघत उभ्या राहिल्या. भोपळा धावला नाही.

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"श्रद्धा नहीं, तो फल नहीं!" महाराज ओरडले.

"पर सळई तो चमकी, महाराज. बिना श्रद्धा के चमकी."

महाराजांनी थाळी मागे ओढली.

मग कालिंदीबाईंनी चहावाल्याच्या प्लगमध्ये आपली जुनी सोल्डरिंगची इस्त्री लावली. टोक काळंकुट्ट होतं. तापल्यावर त्यांनी ते डबीतल्या नवसागराच्या खड्यावर घासलं. तसाच धूर, तसाच वास. वर कथलाची तार टेकवली आणि टोक चांदीसारखं झालं.

"तांबं तापलं की हवेने काळं पडतं," त्या म्हणाल्या, आणि प्रत्येक वाक्य हिंदीतही सांगत गेल्या. "नवसागर तो काळा थर खातो, आणि उघड्या तांब्यावर कथील पसरतं. महाराजांच्या भस्मात नवसागर आहे आणि कथलाचा चुरा. रोग नाही आणि औषधही नाही. खोटं वाटत असेल तर घरी करून बघा, फक्त धूर नाकात घेऊ नका."

"त हमार घुटना?" रांगेतल्या एका म्हाताऱ्याने सळई गुडघ्यावर टेकवत विचारलं.

"डाक्टर को दिखाइए, भैया."

महाराजांना तेवढ्यात समाधी लागली. अर्धी रांग पांगली. अर्धी तशीच उभी राहिली. तेही खरं आहे, ते लपवून काय उपयोग?

प्रमोदिनी थाळीकडे बघत होती. "दहा दिवस, वहिनी," एवढंच ती म्हणाली. तिथूनच दोघी रिक्षाने डॉक्टरांकडे गेल्या.

तीन दिवसांनी दवाखान्यातून सुटल्यावर प्रमोदिनी दुकानात येऊन बसली. कालिंदीबाई इस्त्री ओल्या स्पंजला पुसत होत्या.

"त्या दिवशी तर एवढी चमकवलीत. परत काळी?"

"रोजच पडते. रोज पुसायचं, घासायचं, बंद करताना टोकावर थोडं कथील ठेवायचं. पस्तीस वर्षं हेच करतेय म्हणून चालतेय. एकदाच चमकवून कायमची बरी झालेली इस्त्री मी तरी पाहिली नाही."

प्रमोदिनीने पर्समधून इन्सुलिनचं पेन काढलं, मात्रेचा आकडा फिरवला आणि पदर बाजूला करून सुई घेतली.

भोपळा आदल्याच दिवशी चिरला होता. आतून ठणठणीत निघाला.

वाचणाऱ्यांनो, डोळ्यांदेखत काही लखलखलं तर नमस्कार करायची घाई करू नका. आधी विचारा, रोग्याच्या जागी भोपळा ठेवला असता तर काय झालं असतं? आणि उत्तर मिळेपर्यंत औषध चालू ठेवा.