बिटाचा मणी

मी आयांसाठी माळा बनवते. चिनीमातीचे मणी, एकदाच भाजलेले, चकाकी न दिलेले, म्हणजे रंग पितात. रंग हळदीचा, अक्रोडाच्या सालींचा, बिटाचा. माळेच्या डबीवर मीच छापून घेतलंय : ‘बाळानं चोखली तरी चालेल.’ माझ्या बाळाला मात्र मी माळांच्या खोलीकडे फिरकूही देत नाही.

त्या सकाळी फडक्यावर वाळत घातलेल्या बिटाच्या मण्यांच्या रांगेत एक जागा रिकामी होती आणि शेजारी माझी लेक बसली होती. ओठ, हनुवटी, जीभ लालभडक. चेहरा असा, की आत्ताच कुणाचा तरी निकाल लावून आलीय.

मी तिच्या तोंडात बोट घातलं. ती चावली. मणी नव्हता.

“आई! हिनं मणी गिळला!”

सासूबाई धावत आल्या, नातीला उचलून नीट न्याहाळलं, मग माझ्याकडे वळल्या. “चोखली तरी चालेल, असं तूच लिहिलंयस ना?”

“चोखली तर! गिळली तर, असं कुठं लिहिलंय?”

“मग लिही. बारीक अक्षरात.”

डॉक्टरीणबाईंनी फोनवर विचारलं, श्वास नीट आहे? दूध पितेय? हसतेय? “मग येईल मणी आपल्या वाटेनं. लंगोटावर लक्ष ठेवा.”

एवढं लक्ष मी कॉलेजच्या निकालावरही ठेवलं नव्हतं. श्वास ऐकायला इतकी जवळ गेले, की तिनं माझं नाकच धरलं. दुपारी लंगोट उघडला आणि मी किंचाळले. लाल!

“अगं बये, बीट आहे ते,” म्हणत सासूबाई चहाची जुनी गाळणी घेऊन कामाला लागल्या. मणी सापडला नाही. गाळणीला आम्ही कायमचा निरोप दिला.

संध्याकाळी आंघोळ घालताना तिच्या हनुवटीखालची वळी उचलली. माझ्या लेकीला मान नाही, नुसत्या वळ्याच आहेत. दुसऱ्या वळीत मणी. पांढराशुभ्र.

मी रडत रडत हसत सुटले. लेकीनं पाण्यावर हात आपटून माझं तोंड धुतलं.

सासूबाईंनी मणी उजेडात धरला. “मणी बाहेर राहिला, रंग सगळा पोटात. आणि हे दुसऱ्यांच्या लेकरांना चालेल होय?”

मी विकायला ठेवलेल्या माळेचा एक मणी तोंडात धरला. दुसऱ्या टोकाचा त्यांनी. थोड्या वेळानं आम्ही एकमेकींना जिभा दाखवल्या. दोन्ही लाल.

“आई, कात्री द्या. या माळा आता विकायच्या नाहीत.”

“आधी तोंड धू. कुणी आलं तर वाटेल, आपण एकमेकींना चावलो.”